फुकटचं काम की आपलं काम?



मागच्या रविवारी ताई आणि भाची आमच्याकडे विद्यानगरला आल्या होत्या. भाची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चहा झाला, उस्मानिया बिस्किटांचा पुडा संपला आणि मग ताईने मूळ विषय काढला.

"तूच सांग रे हिला काहीतरी. रोज रात्री एक-एक वाजेपर्यंत कुठल्याशा अमेरिकन कंपनीचं काम करत बसते. पगार नाही, स्टायपेंड नाही. विचारलं तर म्हणते, सगळे करतात. अरे, परक्या कंपनीसाठी फुकट कशाला राबायचं?"

भाची म्हणाली, "आई, ओपन सोर्स आहे ते! आणि मामा, तू पण करायचास ना? मग सोडलंस का?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण ताईचा प्रश्न बरोबर होता आणि भाचीचाही. या महिन्याचं सदर त्या दोन प्रश्नांवरच लिहायचं ठरवलं. तुमच्यापैकी बऱ्याच घरांत बी.ई., बी.टेक. किंवा एमसीए करणारं कोणीतरी आहे, आणि आज ना उद्या हा वाद तुमच्याही घरी होणार आहे.

आधी गोष्ट काय आहे ते साध्या शब्दांत सांगतो. ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कोणालाही वाचता येतो, वापरता येतो, बदलता येतो आणि पुढे देता येतो ते ओपन सोर्स, म्हणजे मुक्तस्रोत. 'ओपन सोर्स' हा शब्द १९९८ साली रूढ झाला. त्यामागची कल्पना जुनी आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्येच मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली होती आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा पाया घातला. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात आज तेच लिनक्स आहे.

पूर्वी असे प्रकल्प बहुतेक हौशी मंडळी चालवायची. आता त्यातले पुष्कळसे एखाद्या कंपनीचे असतात. कोड फुकट देऊन कंपनी कमावते कशी, असं ताईने विचारलंच. मुख्य रस्ते चार. सॉफ्टवेअर फुकट, पण ते नीट चालतं ठेवायची हमी आणि मदत विकायची. रेड हॅट ही कंपनी याच धंद्यावर इतकी मोठी झाली की २०१९ मध्ये आयबीएमने ती ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. दुसरा रस्ता म्हणजे तेच सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर चालवून भाडं घ्यायचं. तिसरा, गाभा खुला ठेवून मोठ्या गिऱ्हाइकांना लागणाऱ्या खास सोयी विकायच्या. चौथा, एकच कोड दोन परवान्यांनी द्यायचा: एक मुक्त, एक पैसे घेऊन. मायएसक्यूएल या डेटाबेसने हेच केलं.

यात पाप काहीच नाही. मी स्वतः नोकरदार माणूस आहे, कंपनीने कमवू नये असं मी कसं म्हणेन? पण या सगळ्यात एक तिसरा माणूस असतो. तो ना मालक असतो, ना गिऱ्हाईक. चूक सापडली की कळवतो, जमली तर दुरुस्त करून पाठवतो, नवख्यांच्या शंकांना उत्तरं देतो, मदतपुस्तिका लिहितो, भाषांतर करतो. हा स्वयंसेवक. भाची सध्या तेच करते आहे.

हे काम किती मोलाचं असतं, याचं एक उदाहरण आपल्या मराठीचंच देतो. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द पाहा. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. 'आचार्यास' नमस्कार करायचा आणि 'आचाऱ्यास' स्वयंपाकाचं सांगायचं. दुसऱ्या शब्दातला तो आडवा, पापणीसारखा र मराठीला लागतोच लागतो. हिंदीत त्याची गरज पडत नाही. तीच गत ल आणि श यांची. आपला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वेगळे. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमालेबद्दलच्या निर्णयात तेच रूप प्रमाण मानलं. आता सांगा, दूर देशातल्या एखाद्या कंपनीतल्या माणसाला हे कसं कळणार? त्याच्या दृष्टीने देवनागरी म्हणजे देवनागरी. हे कोणीतरी मराठी माणसानेच सांगावं लागतं.

रेड हॅटने २००४ मध्ये भारतीय भाषांसाठी 'लोहित' नावाचे फॉन्ट मुक्त परवान्याने देऊन टाकले. लोहित म्हणजे तांबडा. रेड हॅटमधला 'रेड' तो. कंपनीची भाषांतरं आणि फॉन्ट पाहणारी मंडळी पुण्यात बसायची. पगारी लोकांचं काम आणि बाहेरच्या लोकांनी दाखवलेल्या चुका, असं दोन्ही मिळून ते फॉन्ट सुधारत गेले. पुढे २०११ मध्ये त्यांचा परवाना आणखी सोपा केला. आज लिनक्सवर मराठी अक्षरं सरळ दिसतात, याचं आपल्याला काही वाटत नाही. तेव्हा मात्र जोडाक्षरांच्या जागी चौकोन दिसायचे, आणि ते चौकोन आपोआप गेलेले नाहीत.

माझी सुरुवातही अशीच झाली. कॉलेजात असताना एका मुक्त प्रणालीच्या मराठी रूपात एक शब्द चुकलेला दिसला. मी तो कळवला, आणि दोन दिवसांनी कोणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं: धन्यवाद, बदल केला आहे. बाबांना बोलावून तो शब्द पडद्यावर दाखवला होता, हे आजही आठवतं. जगातला कोणीही माणूस ते सॉफ्टवेअर मराठीत उघडेल तेव्हा त्याला मी सुचवलेला शब्द दिसणार होता! त्या वयात याहून मोठी कमाई कुठली असते?

नोकरी लागल्यावर मी एका कंपनीच्या ओपन सोर्स साधनावर काम करायला लागलो. ऑफिसात आम्ही ते वापरतच होतो. सर्व्हरच्या नोंदी गोळा करून नीट लावण्याचं ते साधन. सुमारे चार वर्षं माझ्या रविवार सकाळी त्यात गेल्या. छोट्यामोठ्या मिळून साठेक दुरुस्त्या स्वीकारल्या गेल्या. पैसे मिळाले नाहीत, पण शिकायला भरपूर मिळालं. ऑफिसात माझा कोड दोघं-तिघं तपासायचे आणि ठीक आहे म्हणायचे. इथे ब्राझील नाहीतर पोलंडमधला एखादा माणूस एकेका ओळीवर अडवायचा. आज मला जे काही नीट लिहिता येतं, ते त्या अडवणुकीमुळे.

मग एके दिवशी कंपनीने जाहीर केलं की पुढच्या आवृत्तीपासून परवाना बदलणार. कोड वाचता येईल, पण कंपनीच्या धंद्याला स्पर्धा होईल असा वापर करता येणार नाही. म्हणजे ओपन सोर्स या शब्दाच्या अर्थात ते आता बसत नव्हतं. आम्हा बाहेरच्या लोकांना कोणी विचारलं नाही, आधी सांगितलंही नाही. इतर जगासारखंच आम्हालाही त्याच दिवशी कळलं.

मला राग आला. जेवताना मी तणतणत होतो. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "घटना वाचली होतीस का?"

आमचे बाबा कितीतरी वर्षं कॉलनीच्या गणेशोत्सवाचे चिटणीस होते. वर्गणीची पावतीपुस्तकं आमच्याच कपाटात असायची. ते म्हणाले, "मंडळात आम्हीही फुकटच राबलो. रात्र-रात्र आरास केली, पण कधी फसवले गेलो असं वाटलं नाही. का? तर गणपती कोणाच्या मालकीचा नव्हता. अनंत चतुर्दशीनंतरच्या बैठकीत पै-पैचा हिशेब वाचला जायचा. समजा, मांडव घालणाऱ्यानेच म्हटलं असतं की जागा माझी, मांडव माझा, तुम्ही फक्त आरास करा, आणि पाचव्या दिवशी दारावर तिकीट लावलं असतं, तर? दोष त्याचा असताच. पण जागा कोणाची, हे आधी न विचारण्याचा दोष आमचाही असता."

मी लॅपटॉप उघडला आणि चार वर्षांपूर्वी न वाचता 'मान्य' म्हटलेला करार काढला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की मी दिलेला कोड कंपनी कुठल्याही परवान्याखाली वापरू शकते. कंपनीने फसवलं नव्हतं. मीच सही करून दिली होती.

मंडळी, तरुण वाचकांनी इथे दोन मिनिटं थांबावं असं मला वाटतं, कारण हा मुद्दा कॉलेजात कोणी शिकवत नाही.

प्रकल्पाला काम देताना साधारण दोन तऱ्हा असतात. लिनक्सच्या गाभ्यात २००४ पासून अशी पद्धत आहे की प्रत्येक बदलाखाली आपलं नाव घालून म्हणायचं: हे काम माझं आहे, आणि या परवान्याखाली ते देण्याचा मला हक्क आहे. बस्स. त्या कामाची मालकी तुमचीच राहते. हजारो लोकांची मालकी अशी एकमेकांत गुंफलेली असल्याने लिनक्सचा परवाना उद्या कोणाच्या मनात आलं म्हणून बदलता येत नाही. दुसरी तऱ्हा योगदान कराराची. त्यात तुम्ही प्रकल्प चालवणाऱ्याला जास्तीचे हक्क देता. असा करार वाईटच असतो असं नाही. अपाची फाउंडेशनसारखी ना-नफा संस्थाही करार घेते. पण हक्क ना-नफा संस्थेला देणं आणि कंपनीला देणं यात फरक आहे. कंपनी उद्या विकली जाऊ शकते, आणि तिच्याबरोबर तुमचे दिलेले हक्कही नव्या मालकाकडे जातात.

हे माझ्या एकट्याच्या बाबतीत घडलेलं नाही. गेल्या काही वर्षांत याच नाटकाचे बरेच प्रयोग झाले आहेत. हॅशीकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या साधनाचा मुक्त परवाना बदलला. तिथेही योगदान करार होता. काही आठवड्यांतच नाराज मंडळींनी जुना मुक्त कोड घेऊन 'ओपनटोफू' नावाने वेगळी चूल मांडली आणि ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली नेली. मार्च २०२४ मध्ये रेडिसचं तेच झालं, आणि आठवडाभरात 'वाल्की' उभं राहिलं. रेडिसचा जुना परवाना इतका मोकळा होता की तो बदलायला वेगळा करारही लागला नाही.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्या म्हणतात, आम्ही पगार देऊन माणसं ठेवतो, कोड लिहितो आणि फुकट देतो. मग क्लाउडवाल्या बड्या कंपन्या तेच उचलून भाड्याने देतात, बक्कळ कमावतात आणि आम्हाला काही देत नाहीत. ही तक्रार खोटी नाही. पण परवाना बदलल्यावर विश्वास परत मिळवणं किती अवघड असतं, हेही दिसलं. २०२५ च्या मे महिन्यात रेडिसने पुन्हा एक मुक्त परवाना देऊ केला. तोवर वर्ष उलटून गेलं होतं आणि वाल्कीची चूल चांगली पेटली होती.

वेगळ्या चुलीचं एक जुनं आणि मला आवडणारं उदाहरण तुमच्या संगणकावरही असेल. सन या कंपनीने ओपनऑफिस २००० साली खुलं केलं. तिथे काम द्यायचं तर मालकीत सनला वाटा द्यावा लागे. २०१० च्या जानेवारीत ऑरॅकलने सन विकत घेतली. नव्या मालकाचा रागरंग पाहून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बरीचशी मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी लिब्रेऑफिस सुरू केलं. या वेळी शहाणपण आलं होतं. मालकी कोणालाही लिहून द्यायची नाही, आणि प्रकल्प एका ना-नफा प्रतिष्ठानाचा. आज पंधरा वर्षं होऊन गेली, लिब्रेऑफिस जोरात चालू आहे आणि मराठीतही वापरता येतं.

म्हणजे स्वयंसेवकांच्या हातात काहीच नसतं असं नाही. दिलेलं मुक्त काम मागे घेता येत नाही, हे कंपनीलाही लागू आहे. नवा परवाना पुढच्या आवृत्तीपासून. मागचा कोड मुक्तच राहतो. तो घेऊन कोणीही पुढे जाऊ शकतो. फक्त पुढे जायला माणसं लागतात.

काही कंपन्यांनी या तिसऱ्या माणसाची आठवण ठेवल्याचीही उदाहरणं आहेत. रेड हॅटने ऑगस्ट १९९९ मध्ये शेअर बाजारात उतरताना लिनक्सवर काम केलेल्या बाहेरच्या लोकांना पत्रं लिहून मूळ किमतीत शेअर देऊ केले. पहिल्याच दिवशी भाव तिपटीहून जास्त झाला. गंमत अशी की काही जणांना ते शेअर मिळता मिळता राहिले, कारण दलाल कंपनीच्या नियमानुसार ते 'अनुभवी गुंतवणूकदार' नव्हते! फुकट काम करणाऱ्याकडे गुंतवणुकीचा अनुभव कुठून असणार?

आपल्याकडचं उदाहरण मुंबईचं आहे. फ्रॅपे ही कंपनी आणि तिचं ईआरपीनेक्स्ट. हिशेब, माल, खरेदी-विक्री असं धंद्याचं सगळं सांभाळणारं हे सॉफ्टवेअर रुषभ मेहता यांनी उभं केलं. त्याचा परवाना जीपीएल, म्हणजे त्यात सुधारणा करून ते पुढे वाटलंत तर तुमच्या सुधारणाही मुक्तच ठेवाव्या लागतात. कंपनी ते सर्व्हरवर चालवून देते, मदत देते आणि त्यावर कमावते. त्याच्या परवान्याखाली मालकीच्या ओळीत 'फ्रॅपे आणि योगदानकर्ते' असं म्हटलेलं आहे. 'आणि योगदानकर्ते' हे दोन शब्द मला महत्त्वाचे वाटतात. मांडवाबाहेरच्या फलकावर मंडळाच्या नावाखाली 'आणि सर्व कार्यकर्ते' लिहितात, तसे.

आपल्या हैदराबादमध्ये तर या कामाचं नावच सुंदर आहे: स्वेच्छा. मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणारी ही इथली संस्था. संगणकाची अख्खी प्रणाली तेलुगूत आणायचं काम तिने केलं, आणि त्यात मोठा वाटा इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांचा होता. स्वेच्छा हा शब्द तेलुगूतही आहे आणि मराठीतही. तेलुगूत तो स्वातंत्र्याकडे झुकतो, मराठीत आपल्या इच्छेकडे. मला वाटतं, या कामाला दोन्ही अर्थ लागतात. नुसतं आपल्या इच्छेने केलं, पण हातात स्वातंत्र्य नसेल, तर ते ताई म्हणते तसं फुकटचं राबणंच होतं.

आता ताईच्या प्रश्नाची दुसरी बाजू. आपण कंपनीला फुकट काम देतो हे खरं, पण आपणही किती जणांचं फुकट वापरतो? डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या छोट्याशा साधनात भयंकर चूक सापडली. जावा भाषेत लिहिलेल्या असंख्य प्रणालींत ते बसलेलं होतं. जगभरच्या कंपन्यांची धावपळ उडाली. आमच्या ऑफिसातही आम्ही सलग तीन रात्री जागून काढल्या. पण आम्हाला त्या जागरणाचा पगार होता, रात्रीची बिर्याणीही होती. ते साधन सांभाळणारी मूठभर माणसं मात्र आपापल्या नोकऱ्या करून, उरल्या वेळात ही दुरुस्ती करत होती, आणि वर लोकांचा रागही झेलत होती. ज्यांच्या कामावर अब्जावधींचे व्यवहार उभे आहेत, त्यांना कोणी विचारत नाही. आता थोडी जाग येते आहे. झिरोधा या आपल्या देशातल्या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा प्रकल्पांना दरवर्षी १० लाख डॉलर देण्यासाठी निधी जाहीर केला.

आणि एक गोष्ट तरुण वाचकांना स्पष्टच सांगतो, राग मानू नका. हे काम फक्त बायोडेटा सजवण्यासाठी करू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये एका उपक्रमात चार बदल पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. मग काय, हजारो लोकांनी कुठे एखादा स्वल्पविराम, कुठे 'छान प्रकल्प' एवढंच लिहून पाठवलं. त्यात आपल्या देशातले विद्यार्थी पुष्कळ होते. प्रकल्प सांभाळणारी माणसं तो कचरा उपसून थकली आणि आयोजकांना मध्येच नियम बदलावे लागले. मांडवात येऊन नुसता फोटो काढून जाणारे कार्यकर्ते आपण पाहिलेत. तसे होऊ नका.

तर त्या दिवशी मी भाचीला सांगितलं ते असं. काम कर, जरूर कर. पण सुरुवात करण्याआधी अर्धा तास काढून पाच गोष्टी बघ.

पहिली, परवाना कोणता? तो खरंच मुक्त आहे की नुसता कोड दिसतो?

दुसरी, सही कशावर करते आहेस आणि कोणाला हक्क देते आहेस, कंपनीला की ना-नफा संस्थेला? करार पूर्ण वाच. कळला नाही तर विचार.

तिसरी, निर्णय कोण घेतं? बाहेरचा एखादा माणूस तरी तिथे निर्णयाच्या जागी पोचला आहे का? की वर्षानुवर्षं कारभारी कंपनीचेच आणि बाकीचे नुसते सतरंज्या उचलायला?

चौथी, बाहेरच्यांच्या कामाला उत्तर मिळतं का? मागच्या दोन-तीन महिन्यांत लोकांनी पाठवलेले बदल उघडून पाहा. धूळ खात पडले असतील तर तुझेही पडतील.

पाचवी, तुला यातून काय मिळतं? शिकणं, ओळखी, आनंद, काहीही चालेल, पण ते तुझं तुला सांगता आलं पाहिजे. ज्या दिवशी सांगता येणार नाही त्या दिवशी थांब. थांबण्यात कमीपणा नाही. आणि पैसे हवेच असतील तर तसेही रस्ते आहेत. गुगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे, त्यात मानधन मिळतं. आउटरीची हा उपक्रम मुळात मुलींसाठीच सुरू झाला होता. आता तो आणखी काही गटांनाही खुला आहे, आणि तिथेही मानधन आहे.

ताईला पाचवा मुद्दा सर्वांत आवडला, हे सांगायला नकोच.

भाचीने तिथेच लॅपटॉप उघडून तिचा करार काढला. बाबा चष्मा लावून शेजारी बसले. ती मोठ्याने वाचत गेली, आणि तिसऱ्या परिच्छेदात ते वाक्य सापडलंच: कंपनी हे काम अन्य कोणत्याही परवान्याखाली देऊ शकेल. जवळजवळ माझ्याच करारासारखं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मामा, इथे मला खूप शिकायला मिळतंय, ते मला सोडायचं नाही. हातात घेतलेली दुरुस्ती पूर्ण करते. पण सुट्टीत मोठं काम करायचं आहे ना, ते मी दुसरीकडे शोधते. जिथे घटना नीट आहे तिथे."

"आणि अकरा वाजता लॅपटॉप बंद," ताई म्हणाली. एवढी तडजोड दोघींना मान्य झाली.

मग भाचीने मला विचारलं, "तुझ्या त्या साधनाचं पुढे काय झालं? कोणी वेगळी चूल मांडली का?"

मला माहीत नव्हतं. रागाच्या भरात दोन वर्षं मी तिकडे फिरकलोच नव्हतो. तिने शोधलं, आणि दोन मिनिटांत सापडलं. जुना कोड घेऊन सात-आठ जणांनी प्रकल्प पुढे चालू ठेवला होता. परवाना तोच जुना, मुक्त. करार नाही, फक्त बदलाखाली नाव. तिने मागचा इतिहास उघडला आणि खाली सरकत सरकत एका जागी थांबली. माझं नाव होतं. एकदा नाही, साठेक वेळा. ज्या ब्राझीलच्या माणसाने मला ओळीओळीवर अडवलं होतं, तोही तिथे होता आणि अजून काम करत होता.

मी ते सगळं गेलं असं समजून बसलो होतो. ते गेलं नव्हतं, मीच निघून आलो होतो.

परवाच्या रविवारी सकाळी मी त्यांची प्रलंबित कामांची यादी उघडली. खूप कामं साचली आहेत आणि माणसं कमी आहेत. एक लहानशी चूक निवडली, दोन तास बसून दुरुस्त केली, खाली नाव घातलं आणि पाठवली. अजून उत्तर आलेलं नाही. आलं की भाचीला कळवायचं कबूल केलं आहे.

तुमच्या घरात कोणी असं काम करत असेल तर त्याला किंवा तिला रागावण्याआधी एकदा शेजारी बसून विचारा, काय करतेस ते दाखव. आणि तो करार दोघांनी मिळून वाचा.

भेटू पुढच्या महिन्यात.